पान नको, देठ घ्या

पार्ल्यात पारा सतराच्या खाली उतरला की आमच्या सोसायटीत कानटोप्या निघतात. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली. मी तेव्हा पाळण्यात होतो, तरी "काय ती थंडी!" हे अजून अनुभवाने सांगतो. असा माणूस एप्रिलअखेर टोरांटोला लेकीकडे गेला आणि तिने विमानतळावरून आणून थेट परसात उभं केलं.

परस कसलं, दोन नऊवारी पसरल्या तर संपेल. सगळा चिखल आणि चार पाट्या.

"बाबा, हे दरवर्षी लावावं लागत नाही. बर्फाखाली झोपतं आणि आपलं आपण उठतं."

एका पाटीखाली अ‍ॅस्परॅगस होता. लावून दुसरंच वर्ष, म्हणून अजून कापायचा नाही; एकदा मूळ धरलं की पंधरा-वीस वर्षं बघायला नको. आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची बोलणीही तितकीच वर्षं चालू आहेत, पण तिथे कोंब नाही.

मेअखेरीस कोपऱ्यात लाल देठांची, ढालीएवढी पानं तरारली आणि माझा जीव विरघळला. हनुमान रोडला आमच्या घरामागे मोरीच्या पाण्यावर असंच अळू माजायचं. लावलं कुणी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, वड्या मात्र तिन्ही मजल्यांवर व्हायच्या. लेक कामावर जाताच मी सहा पानं कापली, शिरा लाटण्याने चेपल्या, बेसनात चिंचगूळ कालवला. उंडे चाळणीत ठेवतोय तोच ती दारात.

"बाबा! रूबार्बचं पान विषारी असतं! देठ खातात त्याचे!"

दोन्हीकडे भानगड ऑक्झॅलेटचीच. पण अळू फार तर घसा खाजवतं आणि चिंचेपुढे नमतं. हे पान चिंचेला जुमानत नाही, मूत्रपिंडाशीच वैर धरतं. उंडे कचऱ्यात गेले. पाऊण वाटी बेसन गेल्याची हळहळ मी मनातच ठेवली.

देठ उरले होते. तुकडा चावला तर थेट कैरी! मोहरी, मेथ्या, हिंग, गूळ घालून मेथांबा टाकला. फोडी विरघळून लगदा झाला, तरी जावई वाटी चाटून गेले.

रात्री आमटीच्या फोडणीला कढीपत्ता मागितला, तर लेकीने हॉलमधल्या कुंडीपाशी नेलं. ऑक्टोबरपासून तो आतच, खिडकीतल्या दिव्याखाली. तिने मोजून तीन पानं खुडली. पार्ल्यात भाजीवाली मिरच्यांवर अख्खी काडी फुकट टाकते, हे मी त्या कुंडीसमोर बोललो नाही.