पावतीवाले आण्णा

पिंपळवंडीच्या प्रत्येक आळीत एक आण्णा असतात. नाव, आडनाव, भावकी वेगवेगळी, पण ओळखू येतात ते फायलीवरून. जाड पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली, कोपरे झिजलेली फाइल. तिच्यात पहिल्या पाच एचपीच्या मोटारीच्या पावतीपासून परवा आळेफाट्याहून आणलेल्या बॅटरीच्या गॅरंटीकार्डापर्यंत सगळं तारीखवार लावलेलं असतं. नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोची कॅरेटं खाली झाली की बाकीचे आधी पैसे मोजतात. आण्णा आधी पट्टी वाचतात, हमालीच्या आकड्यावर बोट ठेवून. २०२३ च्या जुलैत कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, तेव्हा गावात कुणी ट्रॅक्टर बदलला, कुणी घराला रंग दिला. आण्णांनी त्या दिवसांतल्या पट्ट्यांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या. छापील शाई उडते, म्हणाले.

'पैसे मोजलेत' हा त्यांचा धर्म. ज्याचे पैसे मोजले ते आपलं, आणि जे आपलं ते आपल्यामागं यायला पाहिजे. मोटार बदलली तरी स्टार्टर आपलाच, घर पाडलं तरी जुनी चौकट आपलीच. या धर्माची खरी परीक्षा झाली ती लॅपटॉपच्या वेळी.

आण्णांचा लॅपटॉप २०११ चा. त्यावर विंडोज सात. सोसायटीचं कर्ज, ठिबकचं अनुदान, ऊसतोडीची उचल, सगळे हिशोब त्यातच. तो एका पावसाळी रात्री मेला. मदरबोर्ड गेला, असं दुकानदारानं सांगितलं आणि दुरुस्तीचा असा आकडा सांगितला, की आण्णांनी फाइल न उघडताच बंद केली. त्यांनी नवा लॅपटॉप घेतला. घेताना दुकानात दोन प्रकार होते : विंडोजवाला आणि डॉसवाला. डॉसवाला काही हजारांनी स्वस्त. आण्णांनी डॉसवाला उचलला आणि पुतण्याला फोन केला, "ये रे, जुन्याचं विंडोज नव्यावर चढवायचंय. लायसन आपल्याकडं हाये."

पुतण्या अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात. त्याच्या पिढीला 'लायसन' म्हटलं की मोटरसायकलचं आठवतं. विंडोज ही काही विकत घेण्याची वस्तू आहे, हीच त्याला नवी बातमी. गावात विंडोज 'मारून' घेतात. चार-पाचशे रुपयांत कुणीतरी पोरगं पेनड्राइव्ह घेऊन येतं, क्रॅक टाकतं, चहा पिऊन जातं. पावती मागितली तर चहासुद्धा सोडून जाईल.

तो येईपर्यंत आण्णांनी निम्मं काम उरकलं होतं. जुन्या लॅपटॉपच्या पोटावरचं विंडोजचं स्टिकर त्यांनी चहाच्या वाफेवर धरून अलगद सोडवलं होतं आणि नव्याच्या पोटावर डिंकानं चिकटवलं होतं. वर बोटानं दाबूनही ठेवलं होतं.

"आण्णा, हे असं नाय चालत," पुतण्या म्हणाला.

"का? कागद वरिजनल हाये."

स्टिकरवर पंचवीस अक्षरांची की, पाच-पाचच्या पाच गटांत. चौदा वर्षं मांडीवर घासून ती पुसट झालेली. आण्णांचा भिंगातून शोध सुरू : हा शून्य का ओ? खरं म्हणजे ही भानगडच नको म्हणून विंडोजच्या कीत ना ओ ठेवलाय ना शून्य. एक नाही, पाच नाही, इंग्रजीतला एकही स्वर नाही. पण आठ आणि बी दोघंही हजर, जी आणि सहाही हजर, आणि वाफेनं दोघांच्या पोटाला सारखीच सूज आलेली.

ती वाचता आली असती तरी उपयोग नव्हता. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज हे ओईएम. कंपनीनं ते त्या यंत्रासाठी स्वस्तात घेतलेलं असतं आणि ते त्या यंत्राबरोबरच जातं. विंडोज आठपासून तर ही की स्टिकरवर न छापता मदरबोर्डच्या चिपमध्येच कोरतात, म्हणजे वाफेचाही प्रश्न मिटला. पुतण्यानं हे समजावून सांगितलं. आण्णांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मालक मेला तर वारसाची नोंद व्हत न्हाई?"

"आण्णा, मालक तुम्ही नाय. मालक तो लॅपटॉप."

हे वाक्य आण्णांना फार लागलं. सात-बारावर आपलं नाव, पीक आपलं, खतं आपली, आणि फेरफाराच्या वेळी तलाठ्यानं सांगावं की जमीन बांधाच्या नावावर आहे, तसं त्यांना वाटलं. मग त्यांनी दाखला काढला. आळेफाट्याला लग्नपत्रिका छापतात तिथं श्रीलिपीचा डोंगल असायचा. कंप्युटर बदलला की तेवढा उपटून दुसऱ्याला लावायचा, फॉन्ट चालू. "त्याला कसं जमतं? त्याचं लायसन खिशात मावतं आन् आपलं थडग्यात?" माझ्या मते या प्रश्नाला उत्तर नाही, पण पुतण्या इंजिनिअर होणार असल्यामुळं त्यानं अर्धा तास उत्तर दिलं.

शेवटी वाट काढली ती फायलीनंच. आण्णा नाडी सोडून पानं उलटत बसले आणि २०१६ च्या कप्प्यात त्यांना सापडलं एक व्हॅटचं बिल. त्या वर्षी त्यांनी जोडलेला डेस्कटॉप घेतला होता आणि दुकानदार 'मारून देतो' म्हणत असताना भांडून विंडोज दहाचा सीलबंद डबा विकत घेतला होता. अख्खी आळी तेव्हा हसली होती. डबाही होता, माळ्यावर, पेनड्राइव्हसकट. पुतण्यानं डेस्कटॉप चालू केला, कमांडच्या खिडकीत एसएलएमजीआर आणि पुढं डीएलआय मारलं. चौकट उघडली, तिच्यात शब्द होता : रिटेल.

रिटेल म्हणजे माणसाचं. एका यंत्रावरून उतरवायचं, दुसऱ्यावर चढवायचं, अट एवढीच की दोन्हीकडं एकदम नको. आणि डेस्कटॉप तसाही निवृत्तीला आला होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज दहाचा आधार संपला, अकरासाठी टीपीएम २.० लागतं, आणि त्याच्या प्रोसेसरला अकरा घेत नव्हतं. पुतण्यानं यूपीके मारून की काढली, नव्या लॅपटॉपवर अकरा टाकलं, तीच की भरली. दहाची रिटेल की अकराला चालते. पण ऑनलाइन काही पुढं सरकेना. मग कंपनीला फोन.

इथं पिंपळवंडीचा भूगोल आडवा येतो. पलीकडं खोडदच्या परिसरात पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी कुठल्या कुठल्या दीर्घिकांची कुजबुज ऐकत बसल्यात, पण आण्णांच्या ओसरीत फोनला रेंज नाही. रेंज गच्चीवर. म्हणून लॅपटॉप खाली पुतण्यापाशी, फोन वर आण्णांच्या हातात, आणि बिबट्याचे दिवस असल्यामुळं गच्चीचा दिवा लावलेला. पडद्यावर त्रेसष्ट आकडे, सात-सातच्या नऊ गटांत. पुतण्या खालून ओरडतोय, आण्णा वर बटणं दाबतायत. शेजारच्या गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ थांबवून ऐकत होती.

मधेच फोनवरच्या यंत्रानं विचारलं, ही प्रत किती कंप्युटरांवर आहे? आण्णांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी एकचं बटण असं दाबलं, जसं मतदानाचं दाबावं.

मग उलट दिशा. यंत्र अठ्ठेचाळीस आकडे सांगू लागलं, सहा-सहाच्या गटांत, इंग्रजीत. आण्णा ते मार्केटच्या सवयीनं जोड्या करून खाली ओरडले : "एकोणऐंशी! त्रेसष्ट! अठ्ठावन्न!" खाली शांतता. पोरगा इंग्रजी माध्यमातला. त्यानं एकोणऐंशीला आधी एकोणनव्वद केलं, मग एकोणसत्तर. तेव्हा भांडी घासणाऱ्या आजीनं, हात राखेत असतानाच, "सात नऊ रं, सात नऊ" असं सांगून पुढचे सगळे गट उलगडून दिले. शेवटच्या गटानंतर पडद्यावर आलं : विंडोज ॲक्टिव्हेट झालं. आण्णा जिना उतरून आले, पुन्हा एकदा वाचलं, आणि फायलीत बिलाच्या मागं पेनानं नोंद केली : 'डेस्कटॉपवरून उतरवले, लॅपटॉपवर चढवले.' खाली तारीख, साक्षीदार म्हणून आजीचा अंगठा. आजीला सही येते, पण हात राखेचा होता.

उरला डेस्कटॉप. त्याच्या कोपऱ्यात आता विंडोज ॲक्टिव्हेट करा अशी फिकट अक्षरं येत होती, आणि आण्णांना ती दारावर चिकटवलेल्या नोटिशीसारखी बघवत नव्हती. नातवंडांना त्यावर गेम खेळायलाही त्यांनी बंदी केली. पुतण्यानं तोडगा सुचवला, "आण्णा, यावर बॉस लिनक्स टाकू. पुण्यात मुख्यालय असलेल्या आपल्या सी-डॅकचं. मराठीतही चालतं. कायदेशीर आहे, पाहिजे तेवढ्या मशिनींवर टाका, आणि एकदम फुकट."

"फुकट?" आण्णांनी नाडी बांधता बांधता मान वर केली. "मंग पावती?"

"फुकटाची कसली पावती, आण्णा?"

"मंग नको," आण्णा म्हणाले. "उद्या कुणी ईचारलं तर दावायचं काय?"