नाथसागराकडे उतार आहे

आमच्या छत्रपती संभाजीनगरात चाळिशी उलटलेला माणूस हेल्मेट घालून सायकलवर दिसला की लोक आधी विचारतात, ‘शुगर निघाली का?’ नाही म्हटलं तर विचारतात, ‘मग कुठे निघालात?’ ‘पैठणला’ असं सांगितलं की समोरचा एकदा आपल्याकडे आणि एकदा सायकलच्या चाकांकडे बघतो आणि ठरलेलं वाक्य टाकतो, ‘जाताच आहात तर येताना आमच्या वाटचं पाणी घेऊन या.’

विनोद जुना आहे, पण बिनबुडाचा नाही. शहराचं पाणी येतं पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजेच नाथसागरातून, आणि रविवारी आम्ही ज्या रस्त्यानं सायकली हाणतो त्याच रस्त्याच्या कडेनं येतं. नक्षत्रवाडी, चितेगाव, फारोळा, बिडकीन, ढोरकीन, पैठण हा आमचा रूट. हीच नावं शेवटाकडून वाचत आलात की शहराची पाणीपुरवठा योजना पाठ होते.

तळ्याकाठीच सायकल फिरवायची तर गावातही सोय आहे. दिल्ली दरवाजाजवळ सलीम अली सरोवर आहे. मुघलांच्या काळात याला खिजरी तलाव म्हणत, पुढे पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचं नाव मिळालं. समोर हिमायतबागेची झाडी, जागा देखणी. पण सायकलीला जरा वेग येतोय तोवर रस्ता संपतो, आणि मॉर्निंग वॉकची इतकी ओळखीची मंडळी भेटतात की पायडलपेक्षा ब्रेकच जास्त मारावा लागतो. हर्सूल तलावाकडे शांतता असते. मात्र ‘परवा हर्सूलला होतो’ असं सांगून बघा. मध्यवर्ती कारागृहही हर्सूललाच असल्यामुळे ऐकणारा दबक्या आवाजात विचारतो, ‘कधी सुटलात?’

म्हणून पैठण. जेमतेम पन्नास किलोमीटर. आमच्या ग्रुपात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते सायकल कमी चालवतात आणि पातळी जास्त सांगतात. त्यांच्या हिशेबानं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, आणि धरण काठोकाठ भरलं तरी पाणी १५२२ फुटांवर, म्हणजे ४६४ मीटर. शंभरावर मीटरचा फरक! मधे चढउतार आहेत, पण एकूण कल तिकडचाच. त्यामुळे जाताना आमच्यातला प्रत्येक जण स्वतःला शर्यतीतला खेळाडू समजतो. बँकेतले एक साहेब तर बिडकीनपर्यंत हात सोडून चालवतात. परतीला तेच साहेब दोन्ही हातांनी हँडल धरून सायकलशेजारून चालताना दिसतात.

पाण्याची अडचण नेमकी हीच आहे. धरणातून उपसायचं, फारोळ्याला आणून शुद्ध करायचं, पुन्हा पंपानं नक्षत्रवाडीच्या टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, आणि मग कुठे ते उतारानं शहरात शिरतं. वीज गेली की पाणी थांबतं. आमची शक्ती गेली की आम्ही थांबतो. बहुधा दोघंही फारोळ्याच्या आसपासच.

अशा वेळी मलिक अंबरची फार आठवण येते. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच हे आमचं शहर. पुढे त्यानं नहर काढली ती उत्तरेच्या डोंगरांकडून. पाणी वरून खाली येतं हे त्याला ठाऊक होतं. ना पंप, ना विजेचं बिल. आम्ही चारशे वर्षांत प्रगती करत करत पाणी खालून वर आणायला शिकलो. काकांना हे बोललेलं आवडत नाही. ‘तेव्हाची लोकसंख्या बघा,’ म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण चढावर असताना कुणाला लोकसंख्या बघायची असते?

या रस्त्यावरचं माझं सर्वांत आवडतं ठिकाण कुठल्याही पर्यटन नकाशावर नाही. जलवाहिनीवर जागोजाग एअर व्हॉल्व्ह आहेत. त्यांतला एखादा गळायला लागला की पाण्याचा फवारा उसळतो. कोवळ्या उन्हात त्यावर इंद्रधनुष्य धरतं. खाली एक बाई कपडे धूत असते, दोन पोरं अंघोळ करत असतात, एक म्हातारबाबा म्हशीची पाठ घासत असतात, आणि मोटारसायकलला चार कॅन बांधलेला तरुण आपला नंबर कधी लागेल ते बघत असतो. आम्ही तोंड धुतो, बाटल्या भरतो. आपल्या नळाला जे पाणी आठवड्यानं यायचं ते इथे रविवारच्या रविवारी थेट भेटतं, याचा आनंद काही वेगळाच.

पैठणला पोचलं की संत ज्ञानेश्वर उद्यान. म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर आखलेलं. मराठवाड्यात आमच्या पिढीतलं क्वचितच कुणी असेल, ज्याची शाळेची सहल एसटीनं इथे आली नाही आणि ज्याला परतीच्या प्रवासात उलटी झाली नाही. उद्यानाचे दिवस मधल्या काळात बरेच फिरले. आजही पैठणला जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ‘कारंजी चालू होती का?’ हाच असतो. धरण मात्र जागचं हललेलं नाही. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. सत्तावीस दरवाजे आणि जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची भिंत. या भिंतीवरून सायकल चालवावी असं प्रत्येकाला वाटतं आणि सुरक्षेच्या कारणानं कुणालाच चालवू देत नाहीत.

मग वळायचं नाथांच्या वाड्याकडे. एकनाथांच्या घरी बारा वर्षं श्रीखंड्या कावडीनं रांजणात पाणी भरत होता, तो साक्षात श्रीकृष्ण होता, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्या रांजणापुढे उभं राहिलं की हात आपोआप जोडले जातात आणि मनात नको तो विचार येतो, की तेव्हाही पाण्यासाठी देवच लागला होता. दुसरी कथा गाढवाची. काशीहून रामेश्वराला निघालेलं कावडीतलं गंगाजल नाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. सकाळी ही कथा ऐकताना आपण नाथांच्या जागी असतो. दुपारी ढोरकीनजवळ बाटली रिकामी झाली की कथेतली आपली खरी जागा कळते.

मध्यंतरी काकांनी टूम काढली की नाथसागराची प्रदक्षिणाच करू. कायगाव टोका, प्रवरासंगम, नेवासा, शेवगाव, पैठण आणि घरी. दोनशे किलोमीटरच्या आसपास. जलाशय पूर्ण भरला तर साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतो, पण रस्त्यावरून तो भेटतो प्रवरासंगमच्या पुलावर आणि मग थेट पैठणला. मधे नुसता ऊस. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो पैस खांब आहे. त्याच गावात आम्ही विजेच्या खांबाला टेकून बसलो आणि प्रदक्षिणेचा पुढचा अध्याय टेम्पोनं पूर्ण करायचा, असं एकमतानं ठरवलं.

तरीही नाथसागर सायकलवरूनच बघावा असं मी म्हणेन. डिसेंबर-जानेवारीत या. पक्षी अभयारण्य आहे, थंडीत चक्रवाक येतात, रोहितही दिसतात. पहाटे पाचला निघा, बिडकीनचे ट्रक सुरू व्हायच्या आत पुढे सटका, आणि शहर वर आहे हे ध्यानात ठेवून पैठणला भजी बेतानं खा. फक्त आदल्या रात्री घरी एक विचारून घ्या, ‘उद्या नळाचा दिवस आहे का?’ असेल तर राइड रद्द करा आणि मोटार लावायला हजर राहा.