गाडीची कटकट

मुंबईच्या उपनगरांत गाडी म्हातारी झाल्याचं मालकाला सगळ्यांत शेवटी कळतं. आधी कळतं सोसायटीच्या वॉचमनला, मग टायरवाल्याला, मग सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्याला. तिघांचं निदान मात्र एकच असतं: "शॉकअप गेले, काका." पंपावर हवा भरणाऱ्या पोराने तर गाडीकडे न बघताच मला हे सांगितलं होतं. ते तो आमच्याबद्दल म्हणाला की गाडीबद्दल, याचा खुलासा मी मागितला नाही.

आमची हॅचबॅक 2008 सालची. दीड लाख किलोमीटर केव्हाच मागे पडले, आणि ते एक्स्प्रेस वेवरचे गुळगुळीत किलोमीटर नव्हेत. मुलुंड ते अंधेरी, मुलुंड ते बोरिवली असे कमावलेले. मीटर किलोमीटर मोजतो, खड्डे मोजत नाही, म्हणून तिचं खरं वय कागदावर कुठेच नाही. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत खेटे घालून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. एप्रिल 2022 पर्यंत या कामाची फी 600 रुपये होती, ती 5000 झाली. पर्यावरण कर वेगळा. एवढे मोजल्यावर मराठी माणूस गाडी विकत नाही, हट्टाला पेटतो.

हट्ट टिकवायला मात्र कंबर शाबूत लागते. स्पीडब्रेकर आला की पुढून 'धाड', मागून 'धप्प' आणि शेजारच्या सीटवरून "जरा हळू!" असे तीन आवाज क्रमाने यायचे. हायवेवर साठच्या पुढे गेलं की गाडी लेन सोडून स्वतःच्या विचारात चालायची. चिरंजीवांनी मोबाइलवर नव्या एसयूव्हीचे हप्ते काढून दाखवले. एका सर्व्हिस सेंटरने इतकं लांबलचक एस्टिमेट दिलं की तेवढ्यात तशीच आणखी एक जुनी गाडी आली असती. शेवटी गाडी भांडुपच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेली.

"आवाज कसा येतो?" त्याने विचारलं.

"म्हणजे... येतो. पुढून."

"करून दाखवा ना, काका."

साठीच्या माणसाने भर रस्त्यात उभं राहून तोंडाने "कट्‌कट्" म्हणणं सोपं नसतं. मी इकडेतिकडे बघून हळूच केलं. तो म्हणाला, "कट्‌कट् की खट्‌खट्?" मी परत केलं. त्याला पटेना. तेवढ्यात सौभाग्यवती गाडीतून उतरल्या. "यांचं काही ऐकू नका. खुट्-खट् असा येतो. डावीकडून. आणि वळताना कुईऽऽ." ही कुईऽऽ इतकी हुबेहूब होती की गाडीखाली झोपलेलं पोरगं पाना हातात घेऊन बाहेर सरकलं.

"काकूंचं बरोबर आहे," मेकॅनिक म्हणाला, आणि पुढची सगळी चौकशी तिच्याकडेच झाली. बारीक कट्‌कट् म्हणजे लिंक रॉड. खड्ड्यात जड खट् आला तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट. कुईकुई म्हणजे बुशचं रबर. स्टेअरिंग पूर्ण कापून वळताना टकटकटक म्हणजे एक्सल जॉइंट. आणि वेग वाढेल तशी चढत जाणारी घूंऽऽ म्हणजे व्हील बेअरिंग, तिथे दिरंगाई नको. ज्या शास्त्राला पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत यंत्रं लागतात, ते इथे तोंडाने चालतं.

मग त्याने बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन सोडलं. धडधाकट गाडी एकदा वर येते आणि बसते. आमची बराच वेळ माना डोलावत राहिली. वॉचमन अगदीच चुकीचा नव्हता म्हणायचा. पण शॉकअप हा अर्धाच आजार असतो. गाडीचं वजन पेलते स्प्रिंग. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगचं नाचणं थांबवण्याचं. आत तेल असतं, ते बारीक भोकांतून ढकललं जातं आणि उसळी उष्णतेत जिरते. या दोघांच्या आजूबाजूला, लोखंड लोखंडाला लागू नये म्हणून, जिथे तिथे रबर. माणसं शॉकअप बदलून घरी जातात आणि रबर तसंच ठेवतात. मग महिन्याभरात तोच खट् परत येतो आणि शिव्या नव्या शॉकअपला पडतात.

काढलेला बुश त्याने माझ्या तळहातावर ठेवला. लोखंडी नळीभोवती रबर, एवढीच वस्तू. रबराला बारीक भेगा, एका बाजूने ते नळीपासून सुटलेलं, बोटाने दाबलं तर दगडासारखं. काढलेला शॉकअपही बघितला. गॅस भरलेल्या चांगल्या शॉकअपचा दांडा दाबला की सावकाश वर येतो. आमचा दाबला तो दाबलेलाच राहिला, सरकारी फायलीसारखा.

सामान आणायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो. या नावात स्टेशन शोधू नका. ते सेंट्रल साल्सेट ट्रामवेचं आहे. 1928 मध्ये ट्रॉम्बे ते अंधेरी अशी कुर्ल्यावरून रेल्वे निघाली आणि 1934 मध्ये बंद पडली. तिच्या नावाच्या रस्त्यावर आज मोडीत निघालेल्या गाड्यांची आतडी विकायला असतात. कुर्ल्याला गाड्यांचं वावडं कधीच नव्हतं: वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथलाच, आणि पद्मिनी मोटारही इथलीच. तिच्या मागच्या चाकांना पाट्याच्या स्प्रिंगा होत्या, तरी तिच्या सोफ्यासारख्या सीटांवर चार पाहुणे आणि दोन पोरं बसून लग्नं पार पडली. शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, तेव्हा बातम्या वाचून हळहळणाऱ्यांत तिच्यात कंबर धरलेलेही होतेच. मेकॅनिकने निघताना बजावलं होतं, "दार, आरसा, बंपर जुना घ्या. रबर आणि शॉकअप जुने घ्यायचे नाहीत." आम्ही तिथून फक्त दाराचं हँडल घेतलं आणि बाकी सगळं नवं कोरं, खरं बिल असलेलं.

पुढचे शॉकअप जोडीने बदलले, कारण एक नवा आणि एक जुना असला की गाडी लंगडते. वरचं माउंटिंग, आतला बंप स्टॉप, लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, सगळं त्याच वेळी. मग मेकॅनिकने एक गोष्ट केली ती बघण्यासारखी होती. बुशचे बोल्ट त्याने गाडी जॅकवर असताना नुसते बसवले; पूर्ण आवळले ते गाडी चाकांवर उतरवून, वजन पडल्यावर. लटकत्या गाडीत आवळले तर रबर खाली उतरताना पिळवटतं आणि लवकर फाटतं. घाईतला गॅरेजवाला नेमकं हे उतरवून आवळणंच टाळतो.

टायरची नक्षी अजून शिल्लक होती, म्हणून मी ते वाचवायला बघत होतो. त्याने टायरच्या अंगावरचे चार आकडे दाखवले: 3214. म्हणजे 2014 सालचा बत्तिसावा आठवडा. रबर घासून मरतं तसं नुसतं उभं राहूनही मरतं. नवे टायर आले, अलाइनमेंट अगदी शेवटी झालं आणि हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरली. पंपावरचं पोरगं सगळ्यांना सरसकट पस्तीस भरतं आणि तुम्ही शॉकअपला दोष देता.

चाचणी जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर घेतली. या रस्त्यावर विनोद जरा बाजूला ठेवावा लागतो. जुलै 2015 मध्ये इथल्याच खड्ड्यात दुचाकी आदळून मरोळच्या दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश गेला. तेव्हापासून हा भाजीविक्रेता बाप स्वतः खडी-माती टाकून शहरातले खड्डे बुजवत आला आहे. आमच्या बुशची कथा त्यापुढे फारच किरकोळ.

गाडी नवी झाली का? नाही. सीटचा फोम बसलेलाच आहे, तो दादरच्या कुशनवाल्याकडे द्यायचाय. पण सरळ रस्त्यावर ती सरळ जाते, वळणावर कुठे चाललोय हे तिला आणि मला एकाच वेळी कळतं, आणि स्पीडब्रेकरवर एकच 'धप्' येतो, तोही सभ्य. खर्च नव्या एसयूव्हीच्या दोन-तीन हप्त्यांत बसला. तक्रार एकच, आणि ती सौभाग्यवतींची: बाकीचे आवाज गेल्यामुळे आता माझं गुणगुणणं ऐकू येतं. मेकॅनिककडे त्यावर उपाय नाही.

तुमचीही गाडी वाजत असेल तर हप्ते काढायच्या आधी टायरवरचे चार आकडे वाचा, हवा स्टिकरप्रमाणे करा, आणि बुश आवळताना चाकं जमिनीला टेकली आहेत ना, हे स्वतः तिथे उभं राहून बघा. आवाज काढून दाखवायला मात्र घरच्यांना सोबत न्या.