नितळ पाण्यातलं नायट्रेट

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा साऱ्या देशानं लिटर मोजले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मराठवाड्यात पाण्याचा हिशेब आजही असाच चालतो. टँकरच्या खेपा किती, बोअर किती फूट, नळ किती दिवसांआड. त्या पाण्यात काय आहे, हे कुणी विचारत नाही.

केंद्रीय भूजल मंडळानं ते तपासलं. 2024 च्या शेवटी आलेल्या अहवालानुसार देशातल्या पंधरा हजारांवर नमुन्यांपैकी सुमारे 20 टक्क्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आहे. सर्वाधिक ग्रासलेल्या 15 जिल्ह्यांत महाराष्ट्राचे सात आणि त्यांत नांदेड. लातूरचं नाव त्या यादीत नाही, म्हणून लातूरकरांनी सुटकेचा निःश्वास सोडू नये. काळी माती तीच, काळा पाषाण तोच आणि खतंही तीच.

हे विष येतं आपल्याच हातून. युरिया, उकिरडा, गटार आणि शोषखड्डा, सगळ्यांतलं नत्र शेवटी नायट्रेट होतं. काळी माती पुष्कळ काही धरून ठेवते, नायट्रेट मात्र तिला धरवत नाही. पावसाबरोबर ते खडकाच्या भेगांतून विहिरीत आणि बोअरमध्ये उतरतं. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र स्वतःच बांधतात, तरी पीक पिवळं दिसलं की युरियाचं पोतं फुटतं. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. हात आखडायचा कशाला?

कारण किंमत दुसरंच कुणी मोजतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. ओठ, नखं निळी पडतात, वेळेत उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. गाईम्हशींच्या पोटातले जिवाणू हेच काम आणखी वेगानं करतात. समोर येईल ते बादलीभर पाणी पिणारं, दावणीला बांधलेलं मुकं जनावर तक्रार कुठे करणार?

लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा. ती ओलांडलेलं पाणीही नितळ दिसतं, चवीला गोड लागतं. टीसीएल पावडरनं जंतू मरतात, नायट्रेट हलत नाही. पाणी उकळलं तर त्यातलं नायट्रेट उलट दाट होतं. म्हणजे डॉक्टरचं ऐकून बाळासाठी पाणी उकळणारी आई नकळत त्याला जास्तच पाजते. हे तिला सांगण्याचं काम आरोग्य खात्याचं आहे आणि ते आजच झालं पाहिजे. सहा महिने फक्त आईचं दूध. पावडरचं दूध द्यावंच लागलं, तर तपासलेल्या पाण्यात.

जलजीवन मिशननं गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायला शिकवलं आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळाही आहेत. तपासणी होते, पण आकडा कागदातच राहतो. नुसतं सुरक्षित पाण्याचं हिरवं कार्ड दाखवून भागणार नाही. प्रत्येक विहिरीचं, प्रत्येक बोअरचं नायट्रेट ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूनं लिहा, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा.

येत्या ग्रामसभेत घरकुल आणि रस्त्याच्या आधी हा एक प्रश्न विचारा: आमच्या पाण्यात नायट्रेट किती? उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका.