मैदा हात राखून घाल गं

अगं, कपडे काढायची एवढी घाई कशाला? डंडीत ऑक्टोबरात ऊन पडलंय, तर वाळू देत अजून अर्धा तास. ये इकडे जरा कुंपणापाशी. काल दुपारी तुझ्या खिडकीतून मैदा करपल्याचा वास आला, तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, पोरीने टॅटी स्कोन, म्हणजे इथले बटाट्याचे स्कोन, करायला घेतलेत. बरोबर ना? आणि चिवट झाले. मला कसं कळलं? सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आला होता तुझा नवरा. मी आपलं "झाला का नाश्ता?" एवढंच विचारलं. बाकी सगळं तोच बोलला. रागावू नकोस हं त्याला, भोळा आहे बिचारा.

बरं, मैदा किती घातलास? अर्धा किलो बटाट्याला दोन वाट्या? अगं बाई! मग तो स्कोन कुठला, ती बटाट्याचा नुसता वास लागलेली पोळी. अर्धा किलो उकडलेल्या बटाट्याला १०० ग्रॅम मैदा बास, बटाटे फारच ओलसर निघाले तर १२५. लोणी २५-३० ग्रॅम आणि मीठ. झालं. अंडं नाही, दूध नाही. हल्ली काही जणी बेकिंग पावडर घालतात, पण आमच्या पलीकडच्या आजींसमोर तिचं नावसुद्धा काढू नकोस.

आणि बटाटे कुठले आणलेस? शार्लट? कमाल आहे बाई तुम्हा दोघांची! नवरा इन्व्हरगौरीला हटन इन्स्टिट्यूटमध्ये बटाट्यावर पीएच.डी. करतो. दक्षिण अमेरिकेतल्या रानटी बटाट्यांचा केवढा मोठा संग्रह आहे तिथे, १९३८-३९ च्या मोहिमेत जाऊन आणलेल्या बटाट्यांपासून सुरू झालेला, हे मला त्यानेच गणपतीत जेवताना तासभर ऐकवलं. आणि घरी बायकोला एवढं सांगता येत नाही की शार्लट चिकट जातीचा, सॅलडला घ्यायचा? स्कोनला पिठूळ बटाटा लागतो. उकडल्यावर नुसतं बोट लावलं तरी भुगा झाला पाहिजे. मॅरिस पायपर घे, कुठेही मिळतो. गोल्डन वंडर दिसला तर सोडू नकोस, आपल्या शेजारच्या आर्ब्रोथचा आहे तो. नाहीतर कर्स पिंक. हाही इथलाच, बॅन्फशायरमधला. १९०७ साली तयार केला आणि बाजारात यायला १९१७ उजाडलं. आजींचा जीव ह्या कर्स पिंकवर. दुकानात नसला की त्या रिकाम्या हाताने परत येतात.

आजींनीच शिकवले मला स्कोन. शिकवले म्हणजे काय, स्टुलावर बसवलं आणि कशालाही हात लावू दिला नाही. बटाटे सालासकट उकडले, पाणी काढून टाकलं आणि तेच पातेलं परत मंद आचेवर ठेवलं, झाकण न घालता. बटाट्यातली वाफ निघून साल कोरडं पडलं पाहिजे म्हणे. मग हात भाजत भाजत सालं काढली. मी माझं पुरणयंत्र नेलं होतं बरोबर, त्यातून गरम बटाटा काढून दिला. पुरणयंत्र बघून आजी हरखल्याच! तीन वेळा दांडा फिरवून बघितला, परत द्यायला तयार नव्हत्या. बटाटा गरम आहे तोवरच लोणी, मीठ आणि मैदा घालायचा. गार झाला की नीट मिळून येत नाही, मग आपण आणखी मैदा घालतो, आणि तिथेच सगळं बिघडतं.

आता खरी गोम सांगते. आपल्या हातांना कणीक तिंबायची सवय. गोळा दिसला की आपण त्याला तिंबणारच! इथे ते अजिबात चालत नाही. बटाटा जास्त चोळला की त्यातला स्टार्च सुटून गोळा चिकट होतो, आणि मैदा मळला की चिवट होतो, म्हणजे दोन्हीकडून मार. नुसता गोळा झाला की हात बाहेर. आजी बोटांच्या टोकांनीच गोळा करतात, तळवा लागूच देत नाहीत. मग ओट्यावर थोडा मैदा भुरभुरून अर्धा सेंटिमीटर जाड लाटायचं. आपल्यासारखं पातळ लाटलंस तर उचलताना तुटेल. वर बशी ठेवून सुरीने गोल कापायचं आणि त्या गोलाचे चार तुकडे करायचे. काट्याने टोचेही मारायचे, नाहीतर फुगतो. हो, फुगायचा नाही हा. आपण पोळी फुगली की खूश होतो, त्यांना सपाटच हवा.

भाजायला त्यांच्याकडे गर्डल आहे. सपाट जाड लोखंडी तवा, वरून अर्धगोल कडी. पूर्वी त्या कडीनेच चुलीवर टांगायचे. तापला का ते बघायला आजी चिमूटभर मैदा टाकतात त्याच्यावर. हळूहळू बदामी झाला तर ठीक, लगेच काळा पडला तर आच जास्त. तुझ्या घरून करपल्याचा वास आला ना, तो त्यामुळेच. एका बाजूला तीन-चार मिनिटं, मग उलथन्याने एकदाच उलटायचा. पोळीवर पडतात तसे तपकिरी डाग पडले की उतरवायचा. आणि उतरवल्यावर लगेच चहाच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा, एकावर एक रचून. उघडा ठेवलास की कडा कडक झाल्याच म्हणून समज. तुझा बिडाचा तवा आहे ना, तो चालेल. गर्डल विकत घ्यायला जाऊ नकोस, महाग पडतो.

आता ह्या गर्डलवरून काय झालंय माहीत आहे का? आजी सांगतात, आमचा गर्डल कूरसचा, माझ्या आजीच्या आजीपासून आलेला. आणि कोपऱ्यावरच्या त्या बेलफास्टच्या बाई मला हळूच म्हणाल्या, कसलं कूरस, मीच होते बरोबर, इथल्या बाजारात जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतला! खरं कुणाचं देव जाणे. पण कूरसची गोष्ट मात्र खरी आहे हं. फाइफमधलं समुद्रकाठचं गाव, आपण गेलो तर दिवसात परत येऊ. स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्स राजाने १५९९ साली गर्डल बनवायचा मक्ता त्या एका गावातल्या लोहारांना दिला होता. तेव्हा बटाटा इथे आलेलासुद्धा नव्हता. त्या गर्डलवर ओटचे आणि बार्लीचे बॅनॉक भाजायचे, आपल्या भाकरीसारखे. बटाट्याने मागाहून येऊन जागा बळकावली.

आणि बळकावली ती कशी! डोंगराकडच्या गरिबांच्या ताटात बटाट्यावाचून काही उरलं नाही. मग १८४६ साली त्याच्यावर रोग आला आणि पुढे दहाएक वर्षं हायलँडमध्ये आणि बेटांवर हाल झाले. माणसं बोटीत बसून कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेली. आजी एक बटाटा वाया जाऊ देत नाहीत, ते उगाच नाही. रात्रीचा उरलेला बटाटा सकाळी परत गरम करून त्याचे स्कोन, हीच मुळात रीत.

पोरांना आता दोन आठवडे सुट्टी लागलीय ना? ती काय आपल्या दिवाळीसाठी दिलेली नाही गं! बटाटे काढायची सुट्टी ती, टॅटी हॉलिडे. आजी शाळेत असताना ह्या दिवसांत पहाटे शेतावरची गाडी यायची. यंत्र बटाटे उकरून जायचं आणि प्रत्येक पोराला आखून दिलेल्या पट्ट्यातले वेचायचे, दिवसभर वाकून. मिळालेल्या पैशांतून हिवाळ्याचे बूट आले, असं त्या सांगतात. आता सगळं यंत्रच करतं. सुट्टी तेवढी राहिली आणि पोरं आपल्या डोक्यावर बसली.

खायचे कसे यावरून तर इथे घराघरांत दोन पक्ष. बेकनच्या सुटलेल्या चरबीत परत परतायचे, शेजारी अंडं आणि ते चौकोनी लॉर्न सॉसेज, हा रविवारचा नाश्ता. काही जण पावाच्या रोलमध्ये स्कोन भरून खातात. बटाट्याला मैदा, वर परत मैदा! पण आपण वडापाववाल्यांनी त्यांना नावं ठेवू नयेत. बेलफास्टच्या बाई म्हणतात, हा मुळात आमचाच पदार्थ, आमच्या नाश्त्याच्या ताटातला पोटॅटो ब्रेड. त्यावरून आजी त्यांच्याशी नाताळपर्यंत बोलल्या नव्हत्या. मी आपली लोण्याबरोबर खाते, गरम असतानाच. ह्यांना वर लसणीची चटणी लागते.

पाकिटातले आणू नकोस बाई. दिसायला छान, पण मैदाच मैदा. घरचे उरले तर फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात, सकाळी टोस्टरमध्ये टाकायचे.

आणि तुझ्या सासूबाई येणार आहेत ना डिसेंबरात? बटाटा म्हटल्यावर त्या आधी विचारतील, उपासाला चालतो का. मैदा आहे, नाही चालत, असं स्पष्ट सांग. राजगिऱ्याचं पीठ घालून मी केले होते चतुर्थीला. मला तर बाई आवडले. आजींना दिला एक. त्यांनी एक घास खाल्ला, चहाचा घोट घेतला आणि मग बराच वेळ हवेबद्दल बोलत बसल्या.