गड्ड्याला गाडीने कसे जावे? (नवशिक्यांसाठी)

तुम्ही सोलापूरच्या भवानी पेठेत राहता. दारात चारचाकी उभी आहे, हप्ते चालू आहेत. आज किंक्रांत आहे, होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलाय आणि संध्याकाळी तिथेच शोभेचं दारूकाम आहे. ‘गड्ड्याला कधी जायचं’ म्हणून पोरांनी सकाळपासून डोकं खाल्लेलं आहे. अशा वेळी अडाणी माणूस पायात चप्पल सरकवतो आणि सरळ चालायला लागतो. तुम्ही तसलं काही करू नका. खाली दिल्याप्रमाणे वागा.

१. आधी सिटी बसचा विचार करा. नुसता विचार. महापालिकेची परिवहन सेवा आहे, थांबेही आहेत. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून एकदा झोकात नव्या गाड्या आल्या होत्या. त्यांच्या चेसीला तडे गेले, वाद सुरू झाला आणि गाड्या जागेवर बसल्या. आता विजेवरच्या बसची वाट पाहायची आहे. तोवर थांब्यावर जाऊन उभे राहा. तिथे एखादे आजोबा असतीलच. ‘मामा, बस येते का?’ असं विचारा. ‘येतंय की, बसा,’ असं ते म्हणतील आणि पुढची शेअर रिक्षा दिसताच तिच्यात चढून निघून जातील.

२. मग शेअर रिक्षा करून बघा. रिक्षा भरली आहे असं तुम्हाला वाटेल. तो तुमचा अननुभव. ‘सरका की जरा, अजून एक सीट बसतंय,’ असं ऐकू आलं की ड्रायव्हरशेजारी अर्धी मांडी टेकवा आणि एक पाय बाहेर ठेवा. पोरं सीटमध्ये धरत नाहीत, भाड्यात धरतात. ‘अण्णा, मैदानापर्यंत सोडा,’ अशी विनंती जरूर करा. ‘पुढं बंद हाय, उतरा,’ हे उत्तर तुळजापूर वेशीपासूनच पाठ करून ठेवा, म्हणजे मनाला लागत नाही.

३. आता गाडी काढा. दुपारी चारलाच ती धुवायला घ्या, तेही गल्लीत मधोमध. गाडी निघणार हे लोकांना कळायला नको? पाच जणांच्या गाडीत आत्या, मावशी आणि समोरच्या काकू धरून आठ जण बसवा, दोन पोरं मांडीवर. मग बोळातून रिव्हर्स घ्या. मागे उभे असलेले पाच जण ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतील. शेवटचं ‘येऊ द्या’ गाडी भिंतीला टेकल्यावर येतं. वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांचंच असं होतं.

४. रस्ता निवडताना नकाशाचं ऐका आणि मधल्या मारुतीकडे गाडी घाला. संक्रांतीचे दिवस, हळदीकुंकवाच्या वाणाची खरेदी, दोन्ही बाजूंना गाडे. तुमचा आरसा एकीच्या पिशवीत अडकेल. काच खाली करून ‘सॉरी ताई’ म्हणा. तिनं पिशवी सोडवेपर्यंत पुढच्या जागेत तीन दुचाक्या घुसलेल्या असतील.

५. विजापूर वेशीच्या अलीकडे गाडी थांबेल. इंजिन बंद करा, कारण पुढून यात्रेचे नंदीध्वज चालले आहेत. हिरेहब्बू वाड्यातून निघालेले सात नंदीध्वज, दाते गणपती, दत्त चौक, माणिक चौक असं करत पंचकट्ट्याकडे. हॉर्न वाजवायचा नाही, हे सांगायला लागू नये. पण बघायला हरकत नाही. पांढऱ्या बाराबंदीतला एक माणूस नंदीध्वजाची ती उंचच उंच काठी एकट्यानं तोलून धरतो, बाकीचे दोरांनी सावरतात. हात बदलताना क्षणभर सगळा रस्ता श्वास रोखतो आणि मग ‘एकदा भक्तलिंग हर्र’ असा घोष उठतो. कित्येक रात्री सराव करून ही मंडळी यात्रेत अडुसष्ट लिंगांना फिरून आलेली असतात, सगळं पायी. तुमच्याकडे पॉवर स्टिअरिंग आहे. ते तुमच्या आधी मैदानावर पोचतील.

६. पार्किंग हे या विद्येतलं शेवटचं अंग. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस स्मार्ट शहरांच्या यादीत सोलापूर नवव्या क्रमांकावर आलं. पुढे त्या योजनेच्या पैशातून होम मैदान नटलं. मैदानापर्यंत जायचं कसं, एवढं तपशिलात राहिलं. तेव्हा डफरीन चौकाला वळसा घाला, पोलीस हातवारे करतील, सात रस्त्याकडे जा. एक पोरगा गळ्यात शिट्टी अडकवून उभा असेल. त्याला नेमलं कुणी, असं विचारू नका. पैसे द्या आणि कुणाच्या तरी गेटसमोर गाडी लावा. मग सगळे उतरून मैदानाकडे चालायला लागा. आत्याचे गुडघे इथून दुखू लागतील. त्यांच्यासाठीच तर गाडी काढली होती.

७. दारूकाम झाडांच्या शेंड्यांवरून बघा. अर्धं दिसतं, आवाज पूर्ण येतो. पोरांना पाळण्याऐवजी पिपाणी घेऊन द्या, परतीच्या वाटेत गाडीत वाजवायला.

८. परतताना गाडी कुठे लावली ते विसरा. हे शिकवावं लागत नाही.

पेठेत पोचाल तेव्हा चालत गेलेले शेजारी गड्ड्यावरची भजी खाऊन, पोरांना निजवून कट्ट्यावर गप्पा मारत बसलेले दिसतील. त्यांच्याकडे बघून कच खाऊ नका. भवानी पेठ ते होम मैदान हे अंतर दोन-अडीच किलोमीटरच आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि तुम्हालाही. तरी पुढच्या वर्षी गाडीच काढा. चालत निघालात, तर कट्ट्यावरून कुणीतरी विचारणारच, ‘काय बे, गाडी विकली का?’