अर्ध्या तिकिटाचे गुरुजी

अंबडमध्ये गुरुजींचं खरं नाव विचारलंत तर माणसं डोकं खाजवतील. 'ऑफर गुरुजी' म्हणालात तर बसस्टँडवरचा कोणीही रिक्षावाला थेट त्यांच्या दारात नेऊन सोडेल. वर सांगेल, "भाडं आत्ताच देऊन टाका. एकदा का गुरुजी बाहेर आले की ते कमी करायला लावतेत."

जिल्हा परिषदेच्या शाळांत गुरुजींनी जन्मभर गणित शिकवलं. आठवीच्या पुस्तकात 'सूट व कमिशन' असा एक धडा आहे. बाकीचे शिक्षक तो आठवड्यात उरकतात. गुरुजींच्या वर्गात तो दिवाळीच्या आधी सुरू व्हायचा आणि संक्रांत आली तरी छापील किंमत वजा सूट हेच चाललेलं असायचं. भूमितीला मग वेळ उरत नसे. त्यांच्या विद्यार्थ्यांना आजही त्रिकोणाचे कोन सांगता येत नाहीत, पण त्यांतला एकही जण कापडाच्या दुकानात पहिल्या भावाला साडी घेत नाही.

गुरुजींच्या घरी जाणं हा अनुभव आहे. पाणी येतं ते शक्तिवर्धक पावडरीच्या बाटलीबरोबर मिळालेल्या काचेच्या ग्लासात. चहा येतो चहापत्तीच्या पुड्यावर मिळालेल्या कपात. कपाला बशी नाही. बशीची योजना पुढच्या वर्षी निघेल असा गुरुजींचा अंदाज होता, ती निघाली नाही. न्हाणीघरात धुण्याच्या पावडरीवर फुकट मिळालेल्या बादल्यांची छतापर्यंत उतरंड आहे. ती न्हाणीत मावेनाशी झाली तेव्हा गुरुजींच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, एका बादलीत ज्वारी भरली, एकीत तूरडाळ, एकीत लाइटबिलं. पावडर किती साठली हे विचारू नका. "आमचे कपडे संपतील, पावडर संपायची नाही," असं काकू म्हणतात, तेव्हा गुरुजी अभिमानानं मान हलवतात.

त्यांना कोणी चिक्कू म्हटलं की मला वाईट वाटतं. चिक्कू माणूस पैसे खर्च करत नाही. गुरुजी भरपूर करतात. स्वस्त वस्तूचं त्यांना अजिबात आकर्षण नाही. त्यांना स्वस्त झालेली वस्तू हवी असते. दोनशेचा टॉवेल दोनशेला मिळत असेल तर ते ढुंकून बघत नाहीत. त्याच टॉवेलवर पाचशे लिहून त्यावर काट मारली आणि खाली अडीचशे लिहिलं, की गुरुजी दोन घेतात आणि पाचशे वाचवून घरी येतात.

हे रहस्य गावाला केव्हाच कळलंय. आमच्या बाजारातल्या एका भाजीवाल्या मावशींनी मला सरळच सांगितलं, "मेथीची जुडी धाला आहे. पण गुरुजी दिसले की पंधरा म्हणायचं. मग ते दहाला मागतेत, मी बाराला सोडते, वरून कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकते. पहिल्यांदाच धा म्हणलं तर ते काहीच घेत नाहीत आणि दिवसभर नाराज राहतेत." म्हणजे गुरुजींना सूट देण्यासाठी अंबडची बाजारपेठ त्यांच्याकडून दोन रुपये जास्त घेते. या व्यवहारात फसलेला कोणीच नाही, हे लक्षात घ्या.

मोठ्या कंपन्या तरी वेगळं काय करतात? पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापली पाहिजे, सर्व करांसह छापली पाहिजे, आणि तिच्यावर एक पैसाही घ्यायचा नाही, इतकं कायदा सांगतो. ती किंमत किती छापावी, हे मात्र औषधांसारखे काही अपवाद सोडले तर छापणाऱ्याच्याच हातात असतं. त्यामुळे दसऱ्याला 'सत्तर टक्के सूट' वाचून आपण हरखतो, तेव्हा जाहिरात देणारा मावशींचाच हिशेब करत असतो, फक्त कोथिंबीर देत नाही. हे मी गुरुजींना एकदा सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते खरंय. पण सत्तर म्हणजे सत्तर की हो."

मोबाइलवरून पैसे द्यायची सोय आली आणि गुरुजींना नवं क्षेत्र मिळालं. प्रत्येक व्यवहारावर एक स्क्रॅच कार्ड मिळायचं, त्यात कधी एक रुपया निघायचा, कधी तीन, बहुतेक वेळा 'बेटर लक नेक्स्ट टाइम'. गुरुजींनी दहा रुपयांची कोथिंबीर पाच-पाच रुपयांच्या दोन हप्त्यांत घ्यायला सुरुवात केली. मावशींच्या गाड्यावरचा, पैसे आल्याचं सांगणारा डबा दोनदा ओरडायचा, मागं गिऱ्हाइकांची रांग लागायची. कार्डातून पैसे निघाले नाहीत तर कूपन निघायचं: पिझ्झ्यावर शंभर रुपये सूट, निवडक शहरांत. अंबड त्या निवडक शहरांत कधी नव्हतं. अशी कूपनं गुरुजी पुण्यातल्या लेकाला पाठवतात. तो ती वापरत नाही. मुदत संपायच्या आदल्या रात्री गुरुजींना झोप लागत नाही.

ऑनलाइन खरेदीत अंबडकरांचं एक खास दुखणं आहे. नाशिकलाही अंबड आहे, तिथली औद्योगिक वसाहत प्रसिद्ध आहे, आणि महाराष्ट्रात 'अंबड' म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. आमच्या अंबडला मत्स्योदरी देवीचं जुनं मंदिर आहे, अहिल्याबाई होळकरांच्या काळातली बारव आहे. तरी फोनवरच्या मुलीला "नाशिकचं नव्हे, जालन्याचं" हे सांगावंच लागतं. गुरुजी इतकं सांगून थांबत नाहीत. पत्ता चुकण्याचा त्रास ग्राहकाला होतो, तेव्हा त्याबद्दल काही सवलत आहे का, हेही विचारतात.

एका मोठ्या सवलतीनं मात्र त्यांना तोंडघशी पाडलं. २०१६ च्या फेब्रुवारीत २५१ रुपयांत स्मार्टफोन देणारी जाहिरात देशभर गाजली होती, आठवते? नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ बंद पडलं, पुढे गुन्हे दाखल झाले. गुरुजी त्या दिवशी पहाटेपासून सायबर कॅफेच्या पायरीवर बसले होते. नोंदणी झाली नाही. दुसरा कोणी असता तर पैसे वाचले म्हणून देवीला नारळ फोडून आला असता. गुरुजी आजही म्हणतात, "आपल्या लाइनला स्पीड असता तर आज फोन हातात असता."

पण त्यांची खरी कर्मभूमी प्रवास. आणि खरी शोकांतिकाही.

मराठवाड्यात एक अख्खी पिढी १ जूनला जन्मली. आई सांगायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी झालास. शाळेतले गुरुजी पोराच्या तोंडाकडे बघून वय बसवायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या गुरुजींचीही नोंद तशीच: १ जून १९६०. आईच्या हिशेबानं ते दोन वर्षांनी मोठे. नोकरीत असताना याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण या खोडीमुळे दोन वर्षं जास्त पगार मिळाला. ३१ मे २०१८ ला ते अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे साठाव्या वर्षी, निवृत्त झाले आणि रेल्वेच्या सवलतीची वाट बघायला लागले. साठीच्या पुरुषांना रेल्वे तिकिटात चाळीस टक्के सूट देत असे. जालना स्टेशन पंचवीसेक किलोमीटरवर. तिरुपती, काशी, रामेश्वर असा आराखडा वहीत आखून तयार होता. कागदोपत्री साठ पूर्ण होणार १ जून २०२० ला. रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत थांबवली २० मार्च २०२० ला. अडीच महिने! शाळेतल्या त्या गुरुजींनी आईचं ऐकलं असतं तर निदान दोन वर्षं अर्धा भारत बघून झाला असता.

करोना संपला, गाड्या सुरू झाल्या, सवलत आली नाही. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईची वंदे भारत सुरू झाली. गुरुजींनी चौकशी केली ती एकच: जेवण नको म्हटलं तर तिकीट किती कमी होतं? कमी होतं, हे कळल्यावर त्यांनी भाकरी-ठेचा बांधून जायचं ठरवलं. पण बाकी तिकिटाचा आकडा ऐकून ठेचा घरीच खाल्ला. शेवटी सांत्वन मिळालं ते साध्या गाडीच्या तिकिटावरच्या बारीक अक्षरांत. प्रवासाला जो खर्च येतो त्याचा सरासरी ५७ टक्केच भाग रेल्वे वसूल करते, असं तिथं छापलेलं असायचं. गुरुजींनी चष्मा वर करून हिशेब मांडला, "म्हणजे त्रेचाळीस टक्के सूट. ज्येष्ठांना चाळीसच होती. आपण तीन टक्क्यांनी वरच आहोत." ते तिकीट त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलंय.

एसटीनं त्यांचा वेगळा छळ केला. २६ ऑगस्ट २०२२ ला पंच्याहत्तरीपुढच्यांचा प्रवास फुकट झाला. पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट होतंच. गुरुजी बासष्ट. मग १७ मार्च २०२३ ला महिलांना सरसकट अर्धं तिकीट सुरू झालं आणि घरातली सत्ता उलथली. पेन्शनीचं काम असो, जालन्याच्या बाजारातली खरेदी असो की लग्नाची पत्रिका देणं असो, गुरुजी काकूंना धाडू लागले. जन्मात कधी एकट्या जालन्याला न गेलेल्या काकू बँकेत ओळखीच्या झाल्या, डॉक्टरांचे नंबर लावू लागल्या, येताना मैत्रिणीकडे चहा पिऊन येऊ लागल्या. पुरुष संध्याकाळी दारात उभा राहून विचारतोय, "एवढा उशीर का झाला?" आणि बाई म्हणतेय, "गाडी मिळाली नाही." सरकारनं योजनेला 'महिला सन्मान' नाव दिलं ते आमच्या गल्लीत तरी अक्षरशः खरं ठरलं.

दोघं मिळून निघाले तर खिडकी गुरुजींची. कारण स्पष्ट होतं: "पूर्ण तिकीट माझं आहे."

१ जून २०२५ उजाडला. एसटीचाही वाढदिवस तोच, १ जून १९४८ ला नगर-पुणे पहिली गाडी धावली तेव्हापासूनचा. (अंबड त्या दिवशी निजामाच्या राज्यात होतं, पण आनंदाच्या दिवशी असल्या खोडी काढू नयेत.) गुरुजी आधार कार्ड घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीनं जालन्याला गेले, कंडक्टरकडून अर्धं तिकीट घेतलं, स्टँडवर उतरले आणि त्याच गाडीनं परत आले. जालन्यात काम काही नव्हतं. काकू शेजारी होत्या, आणि खिडकीत त्या बसल्या होत्या. दोघांचंही तिकीट अर्धं झाल्यावर आता आपला हक्क गुरुजींच्या आधीपासूनचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

आनंद महिनाभर टिकला. १ जुलैपासून एसटीनं दीडशे किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला आगाऊ आरक्षणावर पंधरा टक्के सूट सुरू केली. अट अशी, तिकीट पूर्ण पाहिजे. सवलतवाल्यांना ती लागू नाही. गुरुजी चार दिवस जेवले नाहीत म्हणतात. पन्नास टक्के पंधरापेक्षा जास्त असतात, हे त्यांना गणिताच्या शिक्षकाइतकं कळतं. पण एक सूट डोळ्यांसमोरून आपल्याला न शिवता निघून जाते, हे दुःख शेकड्यात मांडता येत नाही.

गुरुजींनी आयुष्यात एकदाच काउंटरची दुसरी बाजू पाहिली. भावाच्या वाट्याबरोबर त्यांचीही थोडी मोसंबी आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कात्रण त्यांच्या भिंतीवर आहे. एका हंगामात भाऊ आजारी, म्हणून माल घेऊन हे गेले. वजन झालं आणि व्यापाऱ्यानं त्यातून कटती धरली. शेतकरी हे वर्षानुवर्षं सोसतो: माल सगळा जातो, पट्टीवर कमी लागतो. गुरुजी कडाडले, "ही सूट तुला कोणी दिली? माल माझा, भाव तुझा, वर वजनही तुझंच?" व्यापारी त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्यानं उठून पाया पडून सांगितलं, "गुरुजी, तुम्हीच शिकवलंत ना, मागितल्याशिवाय सूट मिळत नाही." कटती तशीच राहिली. निघताना त्यानं दुकानाचं नाव छापलेली एक कापडी पिशवी फुकट दिली. गुरुजी ती घेऊन खुशीत घरी आले. भावानं पट्टी पाहून कपाळाला हात लावला.

तुम्ही नवरात्रात मत्स्योदरीच्या यात्रेला आलात तर गुरुजी नवमीच्या संध्याकाळी भेटतील, कारण तेव्हा पालं उठवायच्या घाईत दुकानदार भाव पाडतात. त्यांना तिकिटाबद्दल जरूर विचारा. राज्यातली कोणतीही सवलत, तिची तारीख, अट आणि लागणारा कागद त्यांना तोंडपाठ आहे, आणि या माहितीचे ते पैसे घेत नाहीत. चहा मात्र तुम्हाला पाजावा लागेल. दोघांत एक सांगू नका. हॉटेलवाला दोन कटचेही पैसे एका फुलइतकेच लावतो, आणि मग ती चर्चा रात्रीपर्यंत चालते.